एकच नियम, वेगवेगळे डेटा-टाइप: डेटा क्वालिटीचे नियम पुन्हा वापरता येतील असे कसे रचावेत?

रामबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या एका पतसंस्थेच्या शाखांकडून रोज एक्सेल आणि सीएसव्ही फायली येतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढतात. कॉलम नेहमीचेच: सभासद क्रमांक, नाव, पत्ता, शहर, पिनकोड, मोबाईल, पॅन, आयएफएससी (बँक शाखेचा कोड), जन्मतारीख, खातं उघडल्याची तारीख, शिल्लक, 'सक्रिय आहे का'. सध्या प्रत्येक टेबलच्या प्रत्येक कॉलमला स्वतंत्र एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची क्वेरी) आहे. पिनकोड एका टेबलात टेक्स्ट, दुसऱ्यात इंटिजर (पूर्णांक) आणि पँडास या पायथनच्या लायब्ररीमधून फिरून आलेल्या फाईलमध्ये चक्क ४५२००१.० असा. एकाच गोष्टीच्या तीन तपासण्या झाल्यात, आणि एकीत दुरुस्ती केली की उरलेल्या दोन तशाच राहतात. आता डेटा-टाइपनुसार लायब्ररी करावी असं मनात आहे: इंटिजरचे नियम, टेक्स्टचे नियम, तारखांचे नियम. दिशा बरोबर आहे का?

सूरसागर_बडोदा:
दादा, तशी विभागणी केलीत तर नक्कल थांबणार नाही. पिनकोडचा नियम टेक्स्टच्या कप्प्यातही ठेवावा लागेल आणि इंटिजरच्याही. नियम डेटा-टाइपला बांधू नका, अर्थाला बांधा. पिनकोडची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. तो अंकांत लिहिलेला कोड आहे, मग टेबलात तो इंटिजर म्हणून बसलेला असो की टेक्स्ट म्हणून. उलट शिल्लक टेक्स्टमध्ये आली तरी ती रक्कमच असते.

प्रत्येक नियमाचे तीन तुकडे वेगळे लिहा.

पहिला, अर्थ-प्रकार. 'भारतीय पिनकोड', 'रुपयांतली रक्कम', 'जन्मतारीख', 'व्यक्तीचं नाव', 'हो-नाही' असे. तुमच्या कॉलमांना बारा-पंधरा पुरतील. प्रत्येकाचं ठरलेलं रूप एकच: पिनकोड म्हणजे सहा इंग्रजी अंकांचं टेक्स्ट, रक्कम म्हणजे दोन दशांशांचा डेसिमल, फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश) नाही.

दुसरा, वाचक. कच्ची किंमत घेऊन ठरलेल्या रूपात आणणारं फंक्शन. डेटा-टाइपमधला सगळा फरक इथेच संपला पाहिजे. पिनकोडच्या वाचकाने मधली जागा काढायची (४५२ ००१ असंही लिहितात), शेवटचं '.०' काढायचं आणि देवनागरी अंक इंग्रजी करायचे. ते '.०' पँडासमुळे येतं: पूर्णांकांच्या कॉलमात एक जरी किंमत रिकामी असली तरी मूळ सेटिंगमध्ये सबंध कॉलम फ्लोट होतो. फाईल वाचतानाच त्या कॉलमाला टेक्स्ट सांगितलं तर हा त्रास मुळातून जातो. रकमेच्या वाचकाने 'रु.', स्वल्पविराम आणि शेवटचं '/-' काढायचं, कंसातली रक्कम ऋण धरायची.

तिसरा, साचा. ही खरी तपासणी, आणि साचे थोडेच असतात: रिकामं नाही, दुबार नाही, ठरलेल्या यादीत आहे, मर्यादेत आहे, ठरलेल्या घाटाचं आहे (किती जागा, कुठे अक्षर, कुठे अंक), दुसऱ्या टेबलात सापडतं. आधार किंवा जीएसटी क्रमांक असेल तर सातवा, तपास-अंकाचा (बाकीच्यांवरून गणिताने निघणारा अंक). आधारचा बारावा अंक व्हेरहोफ पद्धतीचा असतो, त्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी पकडला जातो. मोबाईलला असा अंक नाही, म्हणून तिथे घाट तपासण्यापलीकडे नियमाने काही कळत नाही.

साच्याला कच्ची किंमत कधीच दाखवायची नाही, फक्त वाचकाकडून आलेली. मग शाखेने पिनकोड कोणत्याही रूपात पाठवला तरी नियम एकच राहतो: सहा अंक, पहिला शून्य नाही.

नंदलालपुरा४५२:
वरच्या रचनेत एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा, नंतर घुसवणं फार जड जातं. वाचकाचे निकाल दोन धरू नका, तीन धरा: रिकामं, वाचता आलं नाही, वाचता आलं. 'वाचता आलं' असेल तरच साचा चालतो आणि बरोबर-चूक ठरवतो.

बहुतेक ठिकाणी पहिले दोन एकाच नलमध्ये (डेटाबेसची 'किंमत नाही' ही खूण) कोंबतात. जन्मतारीख '३१/०२/१९८५' आली, रूपांतर जमलं नाही, म्हणून नल. मग अहवालात शाखेने तारीख दिलीच नाही असं दिसतं. प्रत्यक्षात दिली आहे, चुकीची दिली आहे, आणि शाखेला सांगायची दुरुस्तीही वेगळी आहे.

नलशी एसक्यूएल कसं वागतं तेही लक्षात ठेवा. 'जिथे शिल्लक शून्य किंवा जास्त नाही' अशा ओळी मागितल्या तर नल शिल्लक असलेली ओळ येत नाही, कारण तुलना ना खरी ना खोटी. आणि चेक कन्स्ट्रेंट (टेबलावरच लावलेली अट) नेमकं उलटं वागतो: उत्तर 'माहीत नाही' आलं तर ओळ आत घेतो. 'नॉट इन' म्हणजे 'यादीत नाही' या अटीच्या यादीत एक नल शिरला तर एकही ओळ परत येत नाही. म्हणून रिकामेपणाचा साचा स्वतंत्र ठेवा आणि बाकी साऱ्या साच्यांनी रिकाम्या किमतीकडे बघायचंच नाही.

रामबाग_इंदूर:
हे पटलं. पण पोस्टग्रेसमध्ये वाचताना एक किंमत बिघडली की सबंध क्वेरी एरर देऊन थांबते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससारखं ट्राय-कास्ट (जमलं नाही तर एररऐवजी नल देणारं रूपांतर) इथे नाही.

नंदलालपुरा४५२:
पोस्टग्रेस १६ पासून पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड हे फंक्शन आहे. किंमत आणि टाइपचं नाव द्या, रूपांतर होईल की नाही ते खरं-खोटं सांगतं, एरर देत नाही. आवृत्ती जुनी असेल तर आधी रेजेक्स (टेक्स्टचा घाट तपासणारी खूण), मग रूपांतर, पण दोन्ही 'अँड'ने जोडू नका. एसक्यूएलमध्ये अँडच्या दोन बाजू डावीकडून उजवीकडे तपासल्या जातील याची हमी नाही, त्यामुळे रूपांतर आधी होऊन एरर येऊ शकते. 'केस'मध्ये लिहा, म्हणजे अट खरी ठरली तरच रूपांतर होतं.

आणखी एक: पोस्टग्रेसमध्ये नॅन ('संख्या नाही' अशी खास किंमत) सर्व संख्यांपेक्षा मोठा धरला जातो आणि स्वतःच्या बरोबरही असतो. म्हणजे 'शिल्लक शून्य किंवा जास्त' हा नियम नॅन बिनबोभाट पास करतो. वाचकातच नॅनला 'वाचता आलं नाही'मध्ये टाका.

लष्कर_ग्वाल्हेर:
मर्यादेच्या साच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुनर्वापराचा सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे आणि चुकाही तिथेच.

संख्येची मर्यादा, तारखेची मर्यादा आणि टेक्स्टची लांबी हे तीन नियम वाटतात, साचा मात्र एकच आहे: किंमतीचं एक माप काढा आणि ते दोन टोकांच्या आत आहे का बघा. संख्येचं माप ती स्वतः, तारखेचं माप दिवस, टेक्स्टचं माप लांबी. माप कसं काढायचं ते अर्थ-प्रकाराने सांगायचं, साच्याने नाही.

टोकं ठरवताना खालचं धरा आणि वरचं सोडा, सगळीकडे. एसक्यूएलचं बिटवीन दोन्ही टोकं धरतं. कॉलम नुसत्या तारखेचा असताना '१ एप्रिल ते ३१ मार्च' बरोबर चालतं. तोच कॉलम उद्या टाइमस्टँप (तारीख आणि वेळ) झाला की ३१ मार्च म्हणजे ३१ मार्चची मध्यरात्र, आणि त्या दिवसभरातले सगळे व्यवहार मर्यादेबाहेर जातात. पतसंस्थेत वर्षअखेरचा तोच दिवस सर्वांत भरगच्च. '१ एप्रिल धरून, पुढच्या १ एप्रिलच्या आधी' असं लिहिलंत तर टाइप कोणताही असो, नियम बदलावा लागत नाही. टाइमस्टँप यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) असेल तर तारीख काढण्याआधी साडेपाच तास मिळवा, नाहीतर आपल्याकडच्या रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या नोंदी आदल्या दिवशी पडतात.

लांबीचं माप मोजताना काय मोजतोय ते लिहून ठेवा. 'क्षि' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये चार कोडपॉइंट (चिन्हांचे क्रमांक), यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत बारा बाइट. पोस्टग्रेसचं लेंग्थ कोडपॉइंट मोजतं, मायएसक्यूएलचं लेंग्थ बाइट मोजतं (तिथे कॅर_लेंग्थ वापरायचं), एसक्यूएल सर्व्हरचं लेन शेवटच्या मोकळ्या जागा सोडून देतं. इंग्रजी डेटावर तयार केलेला '२० पर्यंत' हा नियम देवनागरी नावांवर बाइटने लावला तर सहा कोडपॉइंटांतच संपतो.

'आज' हा शब्दही नियमात नको. 'जन्मतारीख आजच्या आधी' असं लिहिलं की कालची फाईल आज पुन्हा तपासली तर उत्तर वेगळं येऊ शकतं. फाईलची तारीख मापदंड म्हणून बाहेरून द्या.

रामबाग_इंदूर:
तारखा वाचण्याचं काय करावं? काही शाखांच्या एक्सेलमध्ये अर्धा कॉलम तारीख आणि अर्धा टेक्स्ट असतो.

लष्कर_ग्वाल्हेर:
हे ठरावीक लक्षण आहे. ज्या संगणकावर फाईल उघडली त्याचं सेटिंग महिना-आधीचं आहे. ०३/०४ हे ४ मार्च म्हणून तारीख झालं, आणि २५/०४ मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ते टेक्स्ट राहिलं. टेक्स्ट राहिलेल्या ओळी बरोबर वाचता येतात. धोका तारीख झालेल्या ओळींचा, कारण त्या दिसायला निर्दोष असतात. ओळखायची रीत: फक्त तारीख-सेल घ्या आणि दिवसाचा आकडा मोजा. एकही दिवस १२ च्या वर नसेल तर सबंध फाईल परत पाठवा. हा ओळीचा नियम नाही, कॉलमचा आहे. साच्यांमध्ये 'एका ओळीवर चालणारे' आणि 'सबंध कॉलमवर चालणारे' असे दोन गट ठेवावेच लागतात.

१ जानेवारीची जन्मतारीखही तशीच. एका ओळीत ती चूक म्हणता येत नाही. जन्मदिवस माहीत नसेल तर वर्ष टाकून १ जानेवारी लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण एखाद्या शाखेत तिचं प्रमाण एकदम वाढलं तर इशारा द्यायला हवा.

वाचकाने तारखेचा अंदाज कधीही करू नये. प्रत्येक स्रोताला घाट लेखी द्या. एक्सेलमधून नुसता आकडा आला, म्हणजे तारखेऐवजी २५५६९, तर तो १ जानेवारी १९७० आहे. तिथून पुढे दिवस मोजायचे.

छत्रीबाग:
नाव आणि शहर या कॉलमांविषयी लिहिते. आपल्या डेटात नियम सगळ्यात जास्त इथे फसतात, कारण तयार नियम इंग्रजी टेक्स्ट धरून केलेले असतात.

वाचकात पहिली पायरी युनिकोड एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका रूपात आणणं. तिने 'र' अधिक नुक्ता आणि 'ऱ' एकरूप होतात. पण 'गोऱ्हे' हे आडनाव दोन पद्धतींनी टंकलं जातं: एक 'ऱ' वापरून, दुसरं साध्या 'र'ला हलंत देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे, टाकून. दिसायला दोन्ही सारखी, एनएफसीने एक होत नाहीत. दुबार शोधायचा साचा तिथे दोन माणसं मोजतो. आणि कुणी 'अदृश्य चिन्हं काढून टाका' असा सरसकट नियम लावला तर दुसऱ्या पद्धतीचं आडनाव रफाराचं होऊन बसतं. म्हणून आधी दुसरं रूप पहिल्यात बदला, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा.

दुसरी गोष्ट मध्य प्रदेशातच जास्त जाणवते. हिंदी टंकणाऱ्याकडून 'काळे'चं 'काले' होतं, 'पळशीकर'चं 'पलसीकर'. जुळवणीसाठी नावाची एक वेगळी किल्ली तयार करा: ळचा ल, शचा स, पुढे व्यंजन असेल तर अनुस्वार आणि अर्धा न-म एक. ती किल्ली फक्त दुबार शोधायला वापरा. मूळ नावाच्या कॉलमात ती कधीही लिहू नका. माणसाचं आडनाव आहे ते, त्याने लिहिलं तसंच राहिलं पाहिजे.

शहराला घाटाचा नियम लावून उपयोग नाही, यादीचा लावा, आणि यादी दोन कॉलमांची ठेवा: आलेलं रूप, ठरलेलं रूप. इंदूर, इंदौर, इन्दौर, इंदोर या चारही ओळी एकाच शहराकडे. बडोदा, बडोदे, वडोदरा तसंच. ग्वाल्हेर, ग्वालियर तसंच. यादीत नसलेलं रूप आलं की चूक म्हणून फेकू नका, 'नवीन रूप' म्हणून बाजूला ठेवा आणि माणसाने बघून यादीत घाला.

देवनागरी अंकांचंही तपासून घ्या. पायथन ३ च्या रेजेक्समध्ये 'कोणताही अंक' ही खूण देवनागरी अंकही मान्य करते, जावामध्ये मूळ सेटिंगला करत नाही. एकच रेजेक्स दोन ठिकाणी वापरलात तर दोन निकाल येतील. 'शून्य ते नऊ' असं इंग्रजी अंकांत स्पष्ट लिहिलं की दोन्हीकडे सारखं चालतं.

रामबाग_इंदूर:
ताई, 'गोऱ्हे'चं उदाहरण फार उपयोगी पडलं, आमच्याकडे दुबार सभासद नेमके त्याच जातीचे आहेत. मग एक विचारतो: आयएफएससीचा पाचवा नेहमी शून्य असतो. तिथे इंग्रजी ओ आला तर नियमानेच शून्य करून टाकावा का?

छत्रीबाग:
नियमाने करू नये. नियमाचं काम निकाल देणं. दुरुस्ती ही वेगळी पायरी, तिची स्वतःची नोंद हवी: आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणत्या दुरुस्तीने. नाहीतर शाखा रोज तीच चूक पाठवत राहते आणि अहवाल रोज स्वच्छ दिसतो.

दुरुस्ती करायचीच तर जिथे जागा ठरलेली आहे तिथेच. आयएफएससीत पाचवी जागा शून्याचीच. पॅनमध्ये पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर, त्यामुळे अंकांच्या चार जागांमधला ओ हा शून्यच असणार. सहा ते अकरा या आयएफएससीच्या जागांवर अक्षर किंवा अंक दोन्ही चालतात, तिथे हात लावू नये.

सूरसागर_बडोदा:
आयएफएससी निघालाच आहे तर घाट आणि संदर्भ यांतला फरक तिथे नीट दिसतो. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. बीकेडीएनने सुरू होणारा जुना देनाचा कोड आजही घाटाच्या नियमात अचूक बसतो: चार अक्षरं, शून्य, सहा अक्षर-अंक. पैसे मात्र जाणार नाहीत. म्हणून संदर्भ टेबलात प्रत्येक कोडला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम ठेवा आणि व्यवहाराच्या तारखेशी ताडा. २०१८ च्या व्यवहारात तोच कोड बरोबर आहे.

नियमांनाही हेच लागू. मापदंड बदलला की जुनी ओळ पुसू नका, नवी आवृत्ती घाला. नाहीतर मागच्या वर्षीचा अहवाल आज पुन्हा काढला की आकडे जुळत नाहीत.

नंदलालपुरा४५२:
साधनांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. डीबीटी या डेटा-रूपांतराच्या साधनात चार तयार टेस्ट मिळतात, आपल्याच दुबार नाही, रिकामं नाही, यादीत आहे आणि दुसऱ्या टेबलात सापडतं या साच्यांच्या: यूनिक, नॉट_नल, अ‍ॅक्सेप्टेड_व्हॅल्यूज, रिलेशनशिप्स. पुनर्वापर करताना अडखळायला होतं ते अ‍ॅक्सेप्टेड_व्हॅल्यूजवर. ती यादीतल्या किमतींना आपणहून अवतरणचिन्हं लावते. टेक्स्टच्या कॉलमावर ठीक, पण इंटिजर किंवा हो-नाहीच्या बूलियनवर काही डेटाबेस टाइप जुळत नाही म्हणून एरर देतात. तिथे 'कोट' हा पर्याय फॉल्स करायचा. यूनिक आणि रिलेशनशिप्स दोन्ही नल सोडून देतात. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स या तपासणीच्या लायब्ररीतल्या ओळीनिहाय तपासण्याही नल सोडूनच मोजतात, तिथल्या 'मोस्टली'चं (किती भाग बरोबर असला की पुरे) प्रमाणसुद्धा नल वगळून निघतं.

याचा परिणाम असा की सबंध कॉलम रिकामा आला तर रिकामेपणाचा नियम सोडून सगळे नियम हिरवे. आणि सबंध फाईल रिकामी आली तर तोही हिरवा. म्हणून ओळींची संख्या तपासणारा नियम सगळ्यांच्या आधी चालला पाहिजे, आणि तो पडला तर पुढचे चालवूच नका.

मर्यादा नुसत्या टक्क्यांत ठेवू नका. २ टक्के चुका चालतील म्हटलं तर ४० ओळींच्या फाईलमध्ये एकच चूक ती ओलांडते, आणि २ लाख ओळींत ४००० चुका खुशाल आत येतात. टक्के आणि संख्या दोन्ही द्या, जे आधी ओलांडेल ते.

रामबाग_इंदूर:
सगळ्यांचं वाचून नोंदवहीचा कच्चा आराखडा केला आहे. टेबलाचे कॉलम: नियम क्रमांक, अर्थ-प्रकार, साचा, मापदंड, गांभीर्य (थांबवा किंवा इशारा), टक्के-मर्यादा, संख्या-मर्यादा, जबाबदार व्यक्ती, कधीपासून, कधीपर्यंत. दुसऱ्या टेबलात फक्त जोडणी: कोणत्या टेबलचा कोणता कॉलम कोणत्या अर्थ-प्रकाराचा, आणि वाचकाला द्यायची माहिती, जसा तारखेचा घाट. नवीन शाखा आली की दुसऱ्याच टेबलात ओळी वाढतील, नियमांना हात लागणार नाही.

मोबाईलचे तीन नियम असे: रिकामा नाही, थांबवा. दहा अंक, पहिला ६ ते ९, थांबवा. दुबार नाही, थांबवा. पॅनलाही तेच तीन, घाट पॅनचा.

लष्कर_ग्वाल्हेर:
मोबाईलचा तिसरा नियम काढा. नवरा-बायको, आई-वडील, मुलं एकाच नंबरवर खाती ठेवतात आणि ते योग्यच आहे. दुबार नसण्याचा नियम सभासद क्रमांकाला आणि पॅनला. मोबाईलला हवा असेल तर 'एका नंबरवर पाचपेक्षा जास्त सभासद' असा इशारा ठेवा. शाखेचा किंवा एजंटचा नंबर सगळ्यांना टाकलेला असेल तर तो त्यात सापडतो.

पॅन रिकामा नसण्याचा नियम अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) सभासदांवर पडेल. त्यांच्या खात्याला पालकाचा पॅन असतो. नोंदवहीत 'कधी लागू' असा एक कॉलम वाढवा, आणि पॅनच्या ओळीत 'फाईलच्या तारखेला वय १८ पूर्ण' ही अट लिहा.

रामबाग_इंदूर:
वाढवतो. पण जन्मतारीखच वाचता आली नाही तर अट खरी की खोटी?

नंदलालपुरा४५२:
दोन्ही नाही. 'व्हेअर'मध्ये (ओळी निवडण्याच्या भागात) ती अट घातलीत तर ती ओळ गुपचूप वगळली जाईल आणि पॅन नसलेला प्रौढ सभासद तपासणीतून निसटेल. प्रत्येक नियमाच्या निकालात चार आकडे लिहा: बरोबर, चूक, लागू नाही, लागू आहे का ते कळलं नाही. चौघांची बेरीज फाईलमधल्या ओळींइतकी आली नाही तर नियमाच्या एसक्यूएलमध्येच चूक आहे असं समजून तो निकाल शाखेकडे पाठवू नका.